विहीर वगळून वळलेली भिंत

आमच्या चर्चची भिंत रस्त्यापासून सरळ येते आणि विहिरीपाशी एकदम आत वळते. विहीर बाहेर राहते. नवीन माणसाला वाटतं, बांधणाऱ्याचं माप चुकलं. माप चुकलं नव्हतं.

महायुद्ध संपल्यावर या माळावर कारखाने आले, कामगारांच्या चाळी उठल्या. वसईकडून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी फादर बस्त्याव यांनी चर्च बांधायला घेतलं. सिमेंटचं, पंख पसरल्यासारख्या छपराचं. देवाचं घर असं असतं का, म्हणून ख्रिस्ती लोकही कुरकुरत होते, असं सांगतात. चाळीला आणि बांधकामाला मिळून विहीर एकच. फादर ती कुंपणात घेणार, अशी कुजबुज आधीपासून होतीच.

वैशाखातल्या एका सकाळी पाणी पांढुरकं दिसलं. विहिरीत पाव टाकला की पाणी पिणारा बाटतो, ही किनाऱ्याकडची जुनी गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली. चाळीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन परतल्या. हौसाबाई कदमांची सून नुकती बाळंत झालेली, आणि घरात थेंब नाही.

फादर सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यायले.

"तुमचं काय जातंय, फादर? तुम्ही आधीच बाटलेले!" हौसाबाई म्हणाल्या.

फादरसुद्धा हसले म्हणे. पण पाणी कुणी भरलं नाही. ख्रिस्ती बायकांना वेगळाच संशय, की काम बंद पाडायला चाळवाल्यांनीच काहीतरी कालवलं असेल.

"मग उपसा विहीर," हौसाबाई म्हणाल्या. "तळ दिसू दे."

दोन्हीकडची माणसं दोराला लागली, एकमेकांच्या बादलीवर डोळा ठेवून. तळाशी पाव नव्हता. सिमेंटचा गाळ होता. गवंडी काठावरच घमेली धुवायचे, ते पाणी परत आत उतरायचं.

झऱ्याचं नवं पाणी आलं. हौसाबाई आधी स्वतः प्यायल्या, मग सुनेसाठी घागर भरली.

"पाव नव्हता, मान्य," त्या फादरना म्हणाल्या. "पण उद्या फाटकाला कुलूप लागलं, तर मी पाणी कुणाकडे मागू?"

भिंतीचा पाया विहिरीपलीकडून खणून झाला होता. फादरनी तो बुजवायला लावला.

आजही चर्चच्या सणाआधी विहीर उपसतात. तळ बघायला दोघी वाकतात, एक चर्चची, एक चाळीची. आम्ही एकमेकींची बाळंतपणं केली, मुलं एका बाकावर शिकली. तरी तळ बघायचं काम एकटीवर अजून कुणी सोडत नाही.