लांडगिणीचा झिरा

एक होता राजा. राजा तसा वाईट नव्हता, बरं का. पण भित्रा होता. लढाईला भ्यायचा नाही, वाघाला भ्यायचा नाही. तो भ्यायचा उन्हाला.

आणि भ्यावं असंच ऊन होतं त्याच्या राज्यात. आधी तसं नव्हतं. आधी उन्हाळा पाहुण्यासारखा यायचा. चैत्र-वैशाख राहायचा, आंबे-करवंदं खाऊ घालायचा आणि आपल्या वाटेनं निघून जायचा. मग काय झालं कोण जाणे. तो दरसाल लवकर यायला लागला आणि उशिरा जायला लागला. होळीच्या आधीच भुई तापायची. एका साली चिमण्या गेल्या. कुठं गेल्या, कुणाला कळलं नाही. दुसऱ्या साली नदीतले मासे गेले. तिसऱ्या साली पावशा पक्षी ओरडलाच नाही. मिरगाच्या आधी तो "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणून ओरडायचा ना, तो. लोक शेताच्या बांधावर कान लावून बसले. ओरडलाच नाही. पाऊस आला तो चार शिंतोडे टाकून गेला.

मग लोकांनी आपले दिवस फिरवले. बायका तांबडं फुटायच्या आत भाकरी थापून चूल विझवायच्या. देवळाच्या पायऱ्यांवर पाय ठेववत नव्हता, म्हणून देवाला पहाटेच जाऊन यायचं. दुपारी गावात कुत्रं भुंकायचं नाही. म्हातारी माणसं ओलं फडकं डोक्यावर घेऊन ओसरीत बसायची, आणि एक ओवी म्हणून होईस्तोवर फडकं वाळायचं.

त्या गावात नदीच्या काठाला एक परटीण राहायची. तिचं नाव धुरपता. तिचा नवरा मागच्याच उन्हाळ्यात ऊन लागून गेला होता. घरात ती आणि तिची सहा वर्षांची लेक तानी, दोघीच. धुरपताला पाखरांची-जनावरांची बोली कळायची. कळणारच की. सगळा जन्म नदीकाठी कपडे आपटण्यात गेला, दिवसभर बोलायला दुसरं होतं कोण?

चौथ्या साली नदी आटली. उरला एक डोह. मग राजा घाबरला. त्यानं डोहाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, गंगाजी जमादाराला पहाऱ्यावर बसवलं आणि दवंडी पिटवली. "डोहाचं पाणी माणसांचं. माणशी रोज एक घागर. जनावराला कुणी पाणी पाजलं, तर त्याच्या घराची घागर बंद."

कपडे धुणं तर कधीच बंद झालं होतं. धुरपता रिकाम्या हातानं दारात बसायची आणि कोरड्या पात्राकडे बघायची.

हूं म्हणताय ना? हूं म्हणा, म्हणजे मला कळेल जागे आहात ते.

तर एका दुपारी आली टिटवी. चोच उघडी, पंख पडलेले. म्हणाली, "मावशी, माझी अंडी नदीच्या पात्रात आहेत. वाळू तव्यासारखी तापलीय. मला प्यायला नको. नुसतं पोट भिजवू दे. ओल्या पोटानं अंड्यांवर बसेन म्हणते."

 टिटवीनं पात्रात अंडी घातली म्हणजे यंदाही पाऊस नाही, हे धुरपताला ठाऊक होतं. ती उठून आत गेली. तिनं थाळीत पाणी ओतलं. टिटवी त्यात बसली, पोट भिजवून उडून गेली.

दुसऱ्या दुपारी आली वानरीण. छातीशी पिल्लू धरलेलं. म्हणाली, "बाई, माझं बाळ उठत नाही. दोन दिवस झाले. तहान लागली असेल त्याला."

धुरपतानं पाहिलं. पिल्लाची मान लोंबत होती. तिला कळलं. पण आईला कसं सांगायचं? तिनं वानरिणीला पाणी पाजलं. मग आपल्या पदराचं टोक भिजवलं आणि त्या पिल्लाचे ओठ पुसले. वानरीण तिच्याकडे बघत राहिली. मग पिल्लाला उराशी घट्ट धरून निघून गेली.

गप्प का झालात सगळे? असं असतं बाळांनो. गोष्टीत सगळंच गोड नसतं.

तिसऱ्या दुपारी आली लांडगीण. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. तिला बघताच धुरपताच्या डोळ्यांत रक्त उतरलं. कारण मागच्या साली हिनंच तिची कबरी शेळी नेली होती. घरात दूध होतं ते त्या शेळीचं.

लांडगीण लांबच उभी राहिली. म्हणाली, "बाई, तीन पिल्लं आहेत. माझं दूध आटलंय. घोटभर पाणी दे."

धुरपता म्हणाली, "माझ्या पोरीचं दूध तू आटवलंस, तेव्हा मी कुणाकडे घोट मागायला गेले होते?"

लांडगीण हलली नाही. मग धुरपतानं हाताशी होता तो दगड उचलला आणि मारला. तो लागला पायाला. लांडगीण ओरडलीसुद्धा नाही. तीन पायांवर लंगडत टेकडीकडे गेली. धुरपता घरात आली आणि भाकरीचा तुकडा मोडून बसली. पण तो तिनं तसाच फडक्यात बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन डोहावर गेली. गंगाजी जमादारानं काठी आडवी धरली.

"धुरपते, वानरिणीला पाणी पाजलंस ते मी पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं. पण पाहिलं."

"अहो जमादार, माझी बंद करा. लेकराची तरी भरू द्या."

"घराची घागर बंद, असा हुकूम आहे. माझ्या हातात काय आहे?" असं म्हणून त्यानं मान फिरवली. तिच्याकडे बघायची त्याला लाज वाटली.

मग काय? शेजारणी चोरून तांब्या-अर्धा तांब्या पाणी द्यायच्या. धुरपता ते तानीला पाजायची. स्वतः चिंच चोखून राहायची. असे तीन दिवस गेले. आणि चौथ्या दिवशी सकाळी लोक डोहावर गेले, तर डोहात पाणीच नाही. नुसता चिखल, आणि त्याला भेगा पडायला लागलेल्या. कुंपण होतं, पहारा होता, हुकूम होता. पाणी मात्र गेलं.

त्याच दिवशी तानीला ऊन लागलं. अंग फणफणलं. घामाचा थेंब नाही. ती काहीबाही बरळायला लागली. धुरपतानं तिच्या तळपायाला कांद्याचा रस चोळला, कपाळावर फडकं ठेवलं. घरात पाणी किती? एक तांब्या.

तेवढ्यात दारात टिटवी उतरली.

"मावशी, पाणी आहे. नदीच्या पोटात आहे. वाळूच्या खाली."

"कुठं? नदी काय थोडी आहे? कोस-कोस वाळू पसरलीय. कुठं खणू मी?"

"ते मला नाही कळत. ते लांडगिणीला कळतं. तिला वासानं पाणी सापडतं. दरसाल रानातला ओढा आटला की तीच वाळू उकरून झिरा काढते, आणि तिच्यामागून सगळं रान पाणी पितं."

"मग यंदा का नाही काढला?"

टिटवीनं पंख मिटले. मग म्हणाली, "तिचा पुढचा पाय मोडलाय. उकरणार कशानं?"

धुरपताच्या डोळ्यांपुढं ती लंगडत गेलेली लांडगीण उभी राहिली. तो दगड तिचाच होता ना!

मग ती उठली. बाहेर बघते तर गंगाजी जमादार दारात उभा. डोहच नाही तर पहारा कसला? तो म्हणाला, "धुरपते, मी बसतो पोरीपाशी. वारा घालतो. तुला जायचं असेल तिथं जा." तिनं निम्मं पाणी वाटीत काढून तानीच्या उशाशी ठेवलं. "चमच्याचमच्यानं पाजा," म्हणाली. उरलेला अर्धा तांब्या पदराखाली झाकून घेतला आणि टिटवीमागं निघाली.

दुपार टळत होती, तरी ऊन डोळ्यांत टोचत होतं. टेकडीखाली एका पळसाच्या बुंध्याशी लांडगीण पडली होती. पाय सुजून गोळा झाला होता. बाजूला पिल्लं. दोन धडपडत होती. एक हलत नव्हतं.

धुरपता तिच्यापाशी बसली. म्हणाली, "मी तुला दगड मारला."

लांडगीण म्हणाली, "मारलास."

"तू माझी शेळी नेलीस."

"नेली. पिल्लं होती तेव्हाही."

 त्याच्यापुढं बोलायला होतंच काय? धुरपतानं ओंजळीत पाणी घेतलं आणि तिच्या तोंडाशी धरलं.  इतक्या जवळून तिनं ते दात कधी पाहिले नव्हते. लांडगिणीनं एक ओंजळ घेतली. दुसरी घेतली नाही, पिल्लांकडे बघितलं. धुरपतानं उरलेलं पाणी पिल्लांना पाजलं. तांब्या उपडा झाला.

मग लांडगीण उठली. कशी उठली, तिची तिला ठाऊक. तीन पायांवर पात्रात उतरली. थोडं चालली आणि वाळू हुंगून थांबली. "इथं नाही." पुन्हा चालली, पुन्हा थांबली. "इथंही नाही." धुरपताच्या मनात एकच, तानीच्या वाटीतलं पाणी संपलं असेल का? पण ती मागंमागं चालत राहिली. नदीचं वळण आलं. काठावर उंबराचं झाड होतं आणि त्याच्या मुळ्या पात्रात उतरल्या होत्या. तिथं लांडगीण खाली बसली. तिनं वाळूवर नाक टेकलं.

"इथं," म्हणाली.

धुरपता खणायला लागली. कुदळ नाही, फावडं नाही, नुसते हात. वरची वाळू पोळत होती. मनगटाएवढं खणलं, कोरडं. कोपराएवढं खणलं, कोरडं. नखं तुटली, बोटांतून रक्त आलं. खांद्याएवढा हात आत गेला, तेव्हा बोटांना गार लागलं. आधी ओल, मग चिखल, मग पाणी. नितळ, गोड.

तिनं पहिली ओंजळ भरली आणि लांडगिणीकडे वळली. "घे गं, घे."

पण लांडगीण नाक वाळूवर टेकून तशीच होती. गेली होती ती.

धुरपता रडली का? रडायला तिच्या डोळ्यांत पाणी कुठलं? तिनं लांडगिणीच्या डोक्यावरून ओला हात फिरवला. मग तांब्या भरला, अख्खा पदर पाण्यात बुचकळला आणि धावत सुटली. घरी आली, तानीला ओल्या पदरात गुंडाळलं, घोटघोट पाणी पाजलं. दिवस मावळेपर्यंत काही कळेना. जमादार वारा घालून घालून थकला. मग तानीच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला. आणि ती म्हणाली, "आये, भूक लागली."

हुश्श! वाचली, बरं का.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सगळं गाव घागरी घेऊन झिऱ्यावर आलं. राजाही आला. त्याच्या मागं बाभळीच्या फांद्या घेऊन माणसं आली, कुंपण घालायला. धुरपता झिऱ्याच्या तोंडाशी उभी राहिली.

"महाराज, कुंपण नको."

राजा म्हणाला, "बाई, जनावरं सगळं पाणी पिऊन टाकतील. पुरलं नाही तर?"

"डोहाला कुंपण होतं. तो पुरला का?" धुरपता म्हणाली. "हा झिरा माणसानं शोधला नाही महाराज. जिनं शोधला ती इथंच उंबराखाली पडलीय. माझ्या दगडानं मेली ती. पाणी कुठं आहे हे ज्यांना कळतं, तीच सगळी मेली, तर पुढच्या साली आपण कुणाच्या मागं चालायचं?"

राजानं उंबराखाली जाऊन तिला पाहिलं. मग त्यानं पागोटं काढून जमादाराच्या हातात दिलं. जोडे काढले. वाळूत उतरला आणि झिऱ्याच्या खालच्या अंगाला स्वतःच्या हातानं दुसरा खड्डा खणायला लागला, जनावरांसाठी. राजा खणतोय म्हटल्यावर लोकही खणायला लागले. बाभळीच्या फांद्यांची सरपणाला मोळी झाली.

लांडगिणीला त्यांनी उंबराखालीच पुरलं. तिची दोन पिल्लं धुरपतानं घरी आणून, शेजारणींकडच्या ताकात भाकरी कुस्करून वाढवली. मोठी झाली तशी ती एका पहाटे निघून गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. रानातली ती, रानात जायचीच.

पाऊस पडला का म्हणता? पडला. उशिरा पडला, थोडाच पडला. ऊन काही कमी झालं नाही. पुढच्या सालीही उन्हाळा तसाच आला. पण लोक शहाणे झाले होते. झिऱ्यात वाळू ढासळायची, म्हणून रोज पहाटे पाळीपाळीनं एकेका घरानं उतरून ती उपसायची. राजाच्या घराचीही पाळी असायची. पाणी पोटभर नव्हतं, घसाभर होतं. ते माणसांनी प्यायलं, गुरांनी प्यायलं, रानानं प्यायलं. तानी मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला लेकरं झाली. सगळी जगली, सुखानं राहिली.

तशीच तुम्हीही सुखानं निजा आता. कुशीवर वळा. उद्या ऊन चढायच्या आत उठायचंय. मिटा डोळे.