जहागीरदारांची रोजची पुरणपोळी

कण्हेरगावचे जहागीरदार गोंदजीराव खाऊन खाऊन इतके फुगले, की पालखीला चाराचे आठ भोई लागायला लागले. वैद्यबुवांनी गोड बंद केलं, तर चौथ्याच दिवशी यांनी काढ्याची वाटी भिंतीवर फेकली. स्वयंपाकीण तान्हूबाईला सदरेवर बोलावून म्हणाले, "मला रोज पुरणपोळी पाहिजे आणि वजनही उतरलं पाहिजे. नाही जमलं तर गाव सोड."

"जमतं की, सरकार," तान्हूबाई म्हणाली. "रोज एक पोळी खा, तूप घालून खा. फक्त तिचं पुरण तुम्ही स्वतः पाट्यावर वाटायचं."

सदर गारठली. कारभाऱ्यांच्या हातातली सुपारी खाली पडली. वैद्यबुवा कसेबसे म्हणाले, "अगं बाई, पुरण वाटून कुणी बारीक होतं होय?"

"आम्ही सहाजणी गढीचं वाटण वाटतो, अन् वाटता वाटता चाखतोही. आमच्यातली एक तरी सरकारांएवढी दाखवा."

गोंदजीराव मिशी चावत उठले आणि सगळ्यांदेखत पाट्यापुढे जाऊन बसले. एका पोळीपुरतं पुरण होईतो अंगरखा घामानं चिंब झाला.

ती पोळी संपल्यावर तान्हूबाईनं विचारलं, "आणखी एकीचं पुरण वाटता का, सरकार?"

सरकारांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले.