पहिला घाणा

फार जुनी गोष्ट आहे; गावांना वेशी आणि तळ्यांना राखणदार होते तेव्हाची. मुलांनो ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्ही जास्त ऐका.

डोंगराखाली एक गाव होतं. गावाच्या वर मातीच्या बांधाचं मोठं तळं. तळं काठोकाठ भरलं की गावात वड्यांचा उत्सव होई. मैदानात चुली पेटत, कढया चढत, लहानथोर उभ्याउभ्याच गरम वडे खात.

एक रीत मात्र कुणी मोडत नसे. कढईतला पहिला घाणा बांधावरच्या राखणदाराला जाई. तळं भरलेलं असताना त्याला जागा सोडता येत नसे. वडे नेणारा माणूस त्याचा निरोप घेऊन परत येई. बांध ठीक आहे असं कळलं की मगच गाव खाई.

एका वर्षी उत्सवाची कीर्ती ऐकून खुद्द राजा आला. कढईवर राखणदाराची बहीण ठकू होती. तिने पहिला घाणा द्रोणांत भरला, आणि पाटलांनी ते द्रोण उचलून राजापुढे ठेवले.

"पाटील, दादा वाट बघत असेल," ठकू म्हणाली.

"अगं, तुझा दादा कुठं पळून जातोय? गार वडा काय घशात अडकतो?"

लोक हसले.

दुसरा घाणा सरदारांना गेला, तिसरा वाजंत्र्यांना. मग गावकऱ्यांनीच हात पुढे केले. निरोपाची आठवण कुणाला झाली नाही. खरं सांगायचं तर झाली होती; पण वडे गरम होते.

शेवटी ठकूच झारा ठेवून, चार वडे पदरात बांधून निघाली. बांधाला सकाळीच चीर पडली होती. दादाने तिच्यात गवत कोंबलं होतं, दगड लावले होते, आणि आता तो कमरेइतक्या चिखलात स्वतःची पाठ लावून उभा होता.

"वडे राहू दे, ठकू," तो म्हणाला. "सकाळी कुणी आलं असतं तर दहा माणसांत भागलं असतं. आता गाव वर काढ."

ती धावली. निम्म्या उतारावर असताना पाणी तिच्या बाजूने पुढे निघून गेलं. खाली ढोल वाजत होते. मग ते थांबले.

उरलेली माणसं पुढे दरवर्षी पहिला घाणा बांधावर नेऊन ठेवू लागली. तिथे ना तळं होतं, ना राखणदार. वडे तिथेच गार होत, आणि ठकू ते परत आणी. कुणी त्यांना हात लावत नसे.

राखणाऱ्याचा घास जे गाव पाहुण्याला वाढतं, त्याला संकटाची खबर संकटच आणून देतं.