रानकोंबड्याने सोडलेली हाक

विषय : करवंदीच्या जाळीत हाक न मारता उतरण्याची गरुडास दिलेली मोकळीक रद्द होण्याबाबत.
संदर्भ : अर्जदार रानकोंबडा याचा तोंडी अर्ज.

मुलांनो, वरील विषयाची हकिगत अशी की, एका जंगलात दोन पक्षी शेजारीशेजारी आपापली हद्द राखून होते. बांबूच्या बनात मोर राहत होता आणि त्याला लागून असलेल्या करवंदीच्या जाळीत रानकोंबडा. दोघांच्या वर, काळ्या कड्यावर, गरुडाचे घरटे होते. तिघांचा शत्रू एकच होता, तो म्हणजे घोरपडी. त्या अंडी चोरत, पिल्ले गिळत आणि पाठलाग झाला की हद्द ओलांडून पलीकडच्या बिळात शिरत. रानकोंबड्याचे अधिकृत म्हणणे असे होते की, आपल्या जाळीत एकही घोरपड नाही. हे सांगताना तो घोरपडीच्या बिळापासून चार पावले लांब उभा राहत असे.

एकदा घोरपडीने खुद्द गरुडाचेच अंडे फोडले. तेव्हा गरुडाने दोन्ही शेजाऱ्यांशी करार केला. घोरपड दिसेल तिथे तो तिला टिपणार, मग हद्द कोणाचीही असो. अट एकच, आणि ती त्या जंगलाची जुनी रीत होती. परक्या हद्दीत उतरण्यापूर्वी सीमेवरच्या झाडावर बसायचे, तीन हाका मारायच्या आणि आतून ओ येईपर्यंत थांबायचे. मोराच्या सीमेवर सावरीचे झाड होते, रानकोंबड्याच्या सीमेवर हिरड्याचे. एवढ्या बलाढ्य पक्ष्याला थांबायची काय गरज, असे तुम्ही विचाराल. गरज नव्हती. पण काळ्या कड्यालाही हीच रीत लागू होती, आणि तिथे ती सर्वांनी पाळावी असे गरुडाला फार वाटे.

आता झाले असे की, गरुड सावरीवर येऊन बसला की अर्धी दुपार तिथेच बसून राही. हिरड्यावर मात्र तो टेकतो न टेकतो तोच उठे. कारण इतका मोठा पक्षी आपल्याला हाक मारतो या आनंदात रानकोंबडा दुसऱ्या हाकेलाच ओ देऊन मोकळा होई. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात आले नाही. त्याला एवढेच दिसले की, गरुड मोराकडे बसतो आणि आपल्याकडे बसत नाही.

"अहो, पुन्हा तिकडेच बघत बसलात?" कोंबडीने विचारले. तिची पाच पिल्ले तिच्याभोवती पाचोळा उकरत होती. धाकटे नेहमीप्रमाणे मागे राहिले होते.

"अगं, बघ तरी! उन्हं कलली, तरी हा तिथंच. काय बोलत असतील एवढं?"

"घोरपडींबद्दल बोलत असतील."

"घोरपडींबद्दल अर्धी दुपार? माझ्याबद्दलच बोलत असणार."

त्यानंतर दोनच दिवसांनी मोराच्या पाठीवर गरुडाचे एक तपकिरी पीस खोचलेले दिसले. रानकोंबड्याने त्या दिवशी दाणा टिपला नाही. ज्याच्या अंगावर पिसांची जत्रा भरली आहे त्याला आणखी एक पीस, आणि आपल्याला काहीच नाही! मोराला जाऊन सरळ विचारावे, असे कोंबडीने सुचवले. त्याने विचारले नाही. विचारले असते तर वरील विषय उपस्थितच झाला नसता.

पुढच्या खेपेस गरुड हिरड्यावर उतरला तेव्हा रानकोंबडा झाडाखाली तयारच होता. गरुडासोबत त्याचा कारभारी कावळाही होता.

"गरुडसाहेब, आपल्यात कसली हाक आणि कसली ओ? तुम्ही घरचे. वाटेल तेव्हा सरळ उतरत जा. तो मोर ठेवत असेल परकेपणा, आमच्याकडे तसलं काही नाही."

गरुडाने मान तिरपी केली. "नक्की? मागाहून शब्द फिरवायचा नाही."

"शब्द म्हणजे शब्द."

"बदल्यात काय हवं?"

"एक पीस," रानकोंबडा म्हणाला. मग बांबूच्या बनाकडे बघून त्याने दुरुस्ती केली, "नाही, दोन."

गरुडाने पंखाखालची दोन पिसे, जी नाहीतरी गळायला आलीच होती, ओढून खाली टाकली. कावळ्याने हिरड्याच्या सालीवर चोचीने एक खूण कोरली आणि मोकळीक मंजूर झाली. रानकोंबड्याने दोन्ही पिसे तुऱ्यात खोचली. त्यांतले एक डाव्या डोळ्यावर येई, त्यामुळे त्याला त्या बाजूचे काही दिसत नसे. पण मोराची हद्द उजव्या बाजूला होती.

"हाक बंद झाली तर मला कळायचं कसं?" कोंबडी म्हणाली. "पहिली हाक ऐकली की मी पिल्लांना पंखाखाली घेते."

"अगं, तो आपला मित्र आहे."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. पण एवढ्या उंचावरून त्याला आपलं पिल्लू कोणतं आणि घोरपडीचं कोणतं, ते दिसतं का?"

या प्रश्नाला उत्तर देण्यात आले नाही.

दुसऱ्याच दिवशी गरुड न सांगता उतरला आणि त्याने बिळाच्या तोंडाशी एक घोरपड टिपली. जाळीत जी घोरपड नव्हतीच ती मारली गेल्याबद्दल रानकोंबड्याने उंच दगडावर चढून, मोराला ऐकू जाईल अशा बेताने, तीनदा बांग दिली.

चौथ्या दिवशी सकाळी पिल्ले उघड्यावर होती. धाकटे मागे राहिले होते. त्याच्या पायात एक लांबट वाळके पान अडकले होते आणि ते ओढत ओढत पिल्लू आईकडे निघाले होते. वरून एक सावली आली आणि गेली. कोंबडीने मान वर केली तेव्हा पान तिथेच होते. पिल्लू नव्हते.

दुपारपर्यंत ती तेवढाच पाचोळा उकरत राहिली. रानकोंबडा शेजारी उभा होता. काही वेळाने त्याने तुऱ्यातली पिसे काढून खाली ठेवली. तिने ती पायाने बाजूला सारली आणि पुन्हा उकरू लागली.

दुपारी कावळा हिरड्यावर येऊन बसला. "झाल्या प्रकाराचा गरुडसाहेबांना खेद आहे," तो म्हणाला. "मात्र सदर पिल्लू शेपूट ओढत चालले होते, घोरपडीसारखे. मोहीम एकंदरीत यशस्वी आहे."

"ते माझं पिल्लू होतं हो!"

"तुमचे म्हणणे नोंदवून घेतले आहे," असे म्हणून कावळा उडाला.

रानकोंबडा तडक बांबूच्या बनात शिरला. हद्दीवर हाक मारायचेही त्याला भान राहिले नाही. "तुझी सगळी पिल्लं शाबूत!" तो मोरावर ओरडला. "असणारच! तू त्याचा लाडका! तुझ्याकडे तो अर्धी अर्धी दुपार काढतो!"

"लाडका?" मोर म्हणाला. "अरे बाबा, मी त्याला ताटकळत ठेवतो. तीन हाका झाल्या तरी ओ देत नाही. आधी आमची लांडोर पिल्लं गोळा करून बांबूच्या बेटाच्या आत नेते. मग मी उठतो, पिसारा झटकतो, रमतगमत सावरीखाली येतो आणि म्हणतो, कुठली घोरपड ती दाखवा. दोनदा तर ती वाळकी फांदीच निघाली. तो मला काय काय बोलतो ते तुला तिथून ऐकू येत नाही, हे बरं आहे."

"तरी थांबतो?"

"थांबतो. चरफडतो, पण थांबतो."

"आणि ते पीस?"

"बसून बसून कंटाळला की चोचीनं अंग खाजवतो. तेव्हा गळून पडलं. लांडोरीनं गंमत म्हणून माझ्या पाठीत खोचलं."

मोराचा हेवा रानकोंबड्याला त्या क्षणीही वाटत होता. कशाचा वाटायला हवा होता, एवढे मात्र त्याला आता कळले होते.

"दिलेली मोकळीक मागे घेता येते का रे?" त्याने खालच्या आवाजात विचारले.

"जाऊन सांग. कड्यावर. आज माझ्याकडे तू हाक न मारता आलास, ते मी विसरतो. तिथं विसरणार नाहीत."

रानकोंबडा दोन्ही पिसे चोचीत धरून काळ्या कड्याकडे गेला आणि चढू लागला. उंबराच्या झाडावरून कावळ्याने त्याला अडवले.

"थांबा! पुढे परकी हद्द आहे. उंबरावर बसा, तीन हाका मारा, आतून ओ येईपर्यंत वाट पाहा. मध्येच उठलात तर हाका पुन्हा पहिल्यापासून."

रानकोंबड्याच्या चोचीतली पिसे खाली पडली. "अहो, पण तो माझ्याकडे थांबतो का?"

"तुमच्याकडची रीत तुम्ही बंद केलीत. आमच्याकडे चालू आहे."

रानकोंबडा उंबरावर बसला. त्याने तीन हाका मारल्या आणि बराच वेळ वाट पाहिली.

"साहेब आत आहेत ना?"

"आहेत."

"त्यांनी ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मग ओ का येत नाही?"

"ते निघायच्या घाईत आहेत," कावळा म्हणाला, आणि तेवढ्यात गरुड दोघांच्या डोक्यावरून करवंदीच्या जाळीकडे गेला. रानकोंबडा उंबरावरून उडी टाकून जाळीकडे धावत सुटला. अर्थातच त्याच्या तीन हाका वाया गेल्या.

तो पोचला तेव्हा जाळीत कोणी नव्हते. कोंबडी उरलेली चार पिल्ले घेऊन सावरीखाली उभी होती. तिने रीतीप्रमाणे तीन हाका मारल्या होत्या. तिला मात्र मोराने पहिल्या हाकेलाच ओ दिली होती. ती अजून बांबूच्या बनातच आहे. करवंदीच्या जाळीत सध्या घोरपडी राहतात. रानकोंबडा रोज सकाळी उंबरावर जातो, तीन हाका मारतो, आणि जाळीच्या दिशेने सावली सरकली की उठून धावतो.

तात्पर्य : मित्र कितीही बलवान असला तरी त्याला आपल्या दाराशी थांबायला लावण्याचा हक्क सोडू नये, आणि शेजाऱ्याच्या हेव्यापोटी तर मुळीच सोडू नये, कारण आपण ज्याला त्याचे भाग्य समजतो ती बहुधा त्याची सावधगिरी असते.

रानकोंबड्याचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.