हात, पाय की कान
सरदार जगदेवरावांनी म्हणे वीस लढाया गाजवल्या होत्या. भरतीला आलेल्यांना भेदरवून सोडणं हा त्यांचा विरंगुळा. सटवाजी समोर येताच लोडाला टेकून ते म्हणाले, "घोडदळात गेलास तर हात जाईल, पायदळात पाय आणि तोफखान्यात कान. बोल, कुठे जातोस? नाहीतर तबेल्यात शेण उचल."

सटवाजीला तलवार हवी होती, शेणाची पाटी नव्हे. त्यानं सरदारांना नीट न्याहाळलं. अंगठ्यांनी भरलेले दोन्ही हात, मखमली जोड्यातले दोन्ही पाय, भिकबाळी मिरवणारा कान.

मुजरा करून तो अदबीनं म्हणाला, "सरकार, वीस लढायांत आपण जिथं होतात, तिथंच मला घाला."

दाराशी एका हाताचा जमादार उभा होता. त्याला टाळी वाजवता येईना, म्हणून त्यानं मांडीवर थाप मारली.