चिंतोपंत माळावर उभे राहिले, त्याची गोष्ट

एकदा काय झालं, भरणपूरचा राजा वारला. ना मुलगा, ना मुलगी. गादी रिकामी! मग त्याचे दोन सरदार, जगदेव आणि मानाजी, दोघंही म्हणू लागले, "गादी माझी." शब्दानं शब्द वाढला, आणि नदीकाठच्या माळावर दोन फौजा समोरासमोर येऊन ठाकल्या.

त्या राज्यात चिंतोपंत नावाचे बखरकार होते. बखरकार म्हणजे मागं काय घडलं ते शोधून लिहून ठेवणारा माणूस, बरं का. पंतांना ठाऊक होतं, आज्यापणज्यांच्या वेळी याच माळावर अशीच लढाई झाली होती. ती पुन्हा होऊ नये म्हणून ते काठी टेकत निघाले.

आधी गेले जगदेवाकडे. म्हणाले, "सरदार, तुमचे पणजोबा इथंच पडले हो." जगदेव म्हणाला, "पंत, घरी जा." मग मानाजीकडे गेले. त्यानं तर तोंडच फिरवलं. मग पंत काय करतात? दोन्ही फौजांच्या मधोमध जाऊन उभे राहिले! काठी मातीत रोवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"अरे, आंबेवाडीचे कोण आहात? सोनखेडचे कोण? मागच्या लढाईनंतर तुमच्या गावांत पेरायला गडी उरला नाही. बायांनी नांगर ओढला. लेकरं उपाशी मेली. आणि जिंकला कोण? नाव आठवतंय का कुणाला?"

कुणालाच आठवेना. मग एकानं भाला खाली ठेवला. मग शेजारच्यानं ठेवला. मग सगळ्या माळभर भाल्यांचा खडखडाट!

आता फौजच नाही, तर सरदार लढणार कशानं? जगदेव पुटपुटला, "गादीवर मानाजी नको. पंत चालतील." मानाजीही तेच म्हणाला, "जगदेव नको. पंत चालतील."

पंत घाबरले. "अहो, मला मागचं कळतं. पुढचं कुठं कळतं?"

तेवढ्यात लेकाला शोधत आलेली एक म्हातारी म्हणाली, "बाबा, आम्हाला जुन्या खड्ड्यात पुन्हा पाडू नकोस. तेवढं पुरे."

मग पंत राजा झाले. पण त्याआधी, बरं का, ते तिथंच मातीत मटकन बसले आणि पोटभर रडले. लढाई टळली होती ना! दिवेलागणीला गावोगाव पोरं परतली. आयांनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवले, चुली पेटवल्या, गरम भाकरी वाढली. पुढं पंतांनी पुष्कळ वर्षं राज्य केलं, आणि त्या माळावर नुसती गुरं चरली.

सगळे सुखानं नांदले. चला, पांघरूण घ्या आता. मिटा डोळे.