सोळा रांगांचं कार्ड

"…मग मला सांगा सर, माहितीची चार पॅकेटं पाठवली की एकच पोचतं. बाकीची तीन जातात कुठं?"

मोमीन सरांनी उत्तर दिलं नाही.

भिंगाच्या दिव्याखाली मान घालून ते एका जुन्या रेडिओच्या सर्किटला सोल्डरिंगचे डाग देत होते. त्यांच्या उजव्या अंगाला कूलर घरघरत होता. डाव्या अंगाला भिंतीवर प्लग होता, म्हणून उल्का वाघचौरे तिथं स्टूल ओढून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती.

पहाटेची एसटी पकडून ती पुण्याहून मिरजेला आली होती. तिच्या छोट्या कंपनीनं स्वतःचं नेटवर्क कार्ड बनवलं होतं आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाची आणि संगणकाची बोलणी जुळवून देणारा प्रोग्राम, एकट्या उल्कानं लिहिला होता. जुन्या यंत्रावर तो वाऱ्यासारखा पळायचा. गिऱ्हाइकाच्या नव्या सर्व्हरवर घातला आणि माती झाली.

आज संध्याकाळी शेवटची चाचणी होती. पार पडली नाही तर तिचा ड्रायव्हर कचऱ्यात आणि बाहेरून विकत घेतलेला आत. तिचे साहेब चिटणीस यांनी तसं तोंडावर सांगितलं होतं. वर म्हणाले होते, "मोमीन सरांकडे जा. जन्मभर त्यांनी ड्रायव्हर लिहिलेत. जरा ऐकायला शीक."

ऐकायला! तेच तर करत होती ती सकाळपासून. ऐकवणारा मात्र तोंड उघडत नव्हता.

"सर, माझा हिशेब सरळ आहे," तिनं पुन्हा सुरुवात केली. "नव्या सर्व्हरला चौसष्ट कोअर आहेत. चौसष्ट मेंदू म्हणा. प्रत्येकाला कार्डात स्वतःची वेगळी रांग. कुणी कुणासाठी थांबायचं नाही. एका रांगेत चौघांनी ताटकळायचं, हे जुन्या लोकांचे प्रकार झाले."

सरांनी मान डोलावली.

"पटलं ना? मग बिघडलं कुठं? कुठंही एरर नाही. ड्रायव्हर म्हणतो, सगळं पाठवलं."

सरांनी पुन्हा मान डोलावली. आणि गप्प…

हे असलं मौन तिला चांगलं ठाऊक होतं. आधी पोरांना तिष्ठत ठेवायचं, मग एखादं कोडं घालायचं, आणि त्यांनी पाया पडून निघून जायचं. म्हातारी माणसं याला शहाणपण म्हणतात.

"राहू दे सर. तुमचा वेळ घेतला."

तिनं फाडकन लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली आणि चपला घालायला सरांच्या उजव्या बाजूनं दाराकडे निघाली. जाता जाता पुटपुटली, "फुकट आले एवढ्या लांब."

सरांनी भिंगातून डोकं वर काढलं.

"निघालीस? अगं, तू बोलायला कधी सुरुवात करशील याची वाट बघत होतो मी."

उल्का गर्रकन वळली.

"बोलायला? मघापासून घसा फोडून बोलतेय मी!"

"असं? कुठून?"

"कुठून म्हणजे? तिकडून. स्टुलावरून."

सर हसले. उजव्या कानातलं यंत्र त्यांनी बोटानं नीट बसवलं. मग डाव्या कानाला हात लावला. "हा बंद आहे, पोरी. ठार बंद. आणि उजव्या बाजूला हा कूलर."

"पण तुम्ही मान डोलावली! दोनदा!"

"डाग चांगला बसला होता. दोन्ही वेळा."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस?"

…

"विचारलंस…" उल्का स्वतःशीच म्हणाली. कूलर घरघरत होता.

मग ती खाली बसली. तिथंच, दाराशी, फरशीवर. लॅपटॉप उघडला. पहिल्याच पानावर तिची स्वतःची ओळ होती. जितके कोअर, तितक्या रांगा. कोअर किती, हे ड्रायव्हर सर्व्हरला विचारत होता. रांगा किती, हे त्यानं कार्डाला कधीच विचारलं नव्हतं.

कार्डात सोळा होत्या. कार्डाच्या माहितीपत्रकात पहिल्याच तक्त्यात लिहिलेलं होतं, तिनं वाचलेलंही होतं. जुन्या यंत्राला कोअरही सोळाच होते, म्हणून खपून गेलं होतं. सतराव्या रांगेपासून पुढचं सगळं पॅकेट न् पॅकेट ती बंद कानात ओतत होती, आणि मान डोलावली म्हणून खूश होत होती.

"सोळाच आहेत सर," ती हळू आवाजात म्हणाली. पण उजव्या कानाजवळ सरकून. "चौसष्ट जणांना सोळा. म्हणजे वाटून घ्यायच्या."

"घ्यायच्या."

"तुंबेल ना सगळं!"

"माझ्या दोन लेकी. दोघी एकदम बोलणाऱ्या, आणि त्यांची आई तिसरी. तिघींना हा एकच कान." सरांनी डाग द्यायची कांडी खाली ठेवली. "कुणाची तक्रार नाही. म्हणजे असेल, तर या बाजूनं केली नाही."

उल्काला हसू आवरेना.

"आणि उद्या एखादं स्वस्तातलं कार्ड म्हणालं, माझ्याकडे एकच रांग आहे… तर?"

"तर एक."

तिनं ओळ खोडली. नवी लिहिली. आधी कार्डाला विचारायचं. कोअर आणि रांगा यांत जो आकडा लहान, तो धरायचा. उरलेल्या कोअरनी आपापल्या सोबत्याच्या रांगेत उभं राहायचं. तिथूनच गिऱ्हाइकाच्या त्या नव्या सर्व्हरवर नवा ड्रायव्हर चढवला आणि पडद्याकडे बघत राहिली.

पॅकेटं पोचली. सगळी. एकही गळलं नाही.

तिचे खांदे आपोआप खाली आले. ते सकाळपासून कानांपर्यंत चढलेले होते, हे तिला तेव्हा कळलं. आत जाऊन तिनं सरांच्या लेकीकडून हक्कानं चहा मागून घेतला आणि दोन घोटांत संपवला.

पुढच्या रविवारी ती परत आली. चाचणी पार पडली होती. ड्रायव्हर तिचाच राहिला होता. हातात सरांसाठी बाकरवडीचा पुडा होता आणि डोक्यात नवे प्रश्न खच्चून भरलेले होते.

या वेळी ती उंबऱ्यातच थांबली.

"सर, कुठं बसू?"

मोमीन सरांनी तिच्याकडे पाहिलं. कूलर बंद केला. मग उजव्या कानातलं यंत्र काढलं आणि डबीत ठेवून दिलं.

"आता कुठंही बस. विचारायचं कुणाला, ते तुला कळलंय."